नऊ टक्के

विमान आधी चाळीस मिनिटं उशिरा होतं, मग दीड तास, आणि मग फलकावर वेळेच्या जागी नुसतीच एक आडवी रेघ आली. त्या रेघेकडे मान वर करून बघत आम्ही दोघं फरशीवर बसलो होतो. खुर्च्यांच्या रांगेतली सगळी सॉकेटं मेलेली होती. जिवंत असं एकच, खांबाच्या बुडाशी, जमिनीपासून वीतभर वर. त्यातही प्लग सैल बसायचा. अंगठ्याने दाबून जरा डावीकडे कलता धरला तरच फोनच्या पडद्यावर ती छोटी वीज उमटायची, आणि अंगठा हलला की गायब. मित्राच्या फोनात नऊ टक्के उरले होते, माझ्या फोनात चौदा. दोघांचे बोर्डिंग पास फोनातच. त्याची केबल टॅक्सीत राहिली होती. माझी होती, पण मानेपाशी काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे मारलेली, जी घरी आपण सहसा पाहुण्यांपुढे काढत नाही तसली.

"आधी तू लाव," मी म्हटलं, "तुझा अगदी टेकलाय."

त्याने केबलचं टोक फोनात सरकवलं. खट्ट आवाज झाला. आणि अर्ध्या तासापासून चाललेल्या आमच्या वादातलं त्याचं वाक्य पुरं करत तो म्हणाला, "माझं म्हणणं एवढंच, की सरकारने यात पडू नये."

मी काहीच बोललो नाही. प्लग धरून बसलो.

वाद चालला होता तो ॲप कुठून घ्यायची, पैसे कुणाच्या गल्ल्यातून जायचे, हे कंपनीने ठरवायचं की कायद्याने, यावर. २०२५ च्या एप्रिलमध्ये युरोपीय आयोगाने ॲपलला ५० कोटी युरोंचा दंड ठोकला, कारण बाहेर हीच गोष्ट स्वस्तात मिळते हे ग्राहकाला मोकळेपणाने सांगायची मुभा ॲपवाल्यांना नव्हती. मित्राला तो दंड म्हणजे उघडउघड खंडणी वाटते. "ज्याचं घर त्याचे नियम, पटत नसेल तर दुसऱ्या घरी जा." मला ते घर वाटत नाही, रस्ता वाटतो, आणि रस्त्यावर नाका लावला की माझं डोकं फिरतं. असे आम्ही गेली पंधरा वर्षं भांडतोय. पण त्या दिवशी माझ्यासमोर एक आयती संधी होती. सरकारने यात पडू नये असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात त्या क्षणी जी वस्तू होती, ती त्याच्या फोनात शिरू शकली हेच मुळी सरकार यात पडलं म्हणून. एवढं बोललो असतो तरी सामना खिशात होता. पण बोललो नाही. आणि घरी आल्यावर कितीतरी दिवस मला तेच खुपत राहिलं, की का नाही बोललो.

पंधरा वर्षांत आमची भाषा काय झालीय ते आधी सांगायला हवं. त्याचा फोन ॲपलचा, माझा सॅमसंगचा. तो म्हणतो, "तुमच्याकडे अजून ते फीचर आलं नाही का?" मी म्हणतो, "आमच्याकडे केव्हाच आहे, तुमच्याकडेच उशिरा येतं." तुमच्याकडे, आमच्याकडे. जणू दोघं आपापल्या घराण्याची अब्रू राखतोय. त्या कंपन्यांना आम्ही दोघं कोण, कुठले, याची कल्पना नाही. किंवा अगदी खरं बोलायचं तर फार जास्त कल्पना आहे, पण ती वेगळ्या कारणासाठी. आणि तरी त्याच्या कंपनीचा फजितवाडा झाला की मला जो गुदगुल्यांसारखा आनंद होतो, तो निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी होतो तसाच असतो. आपलं काही भलं झालं म्हणून होणारा तो आनंद नव्हेच.

२०२० च्या ऑक्टोबरात आयफोन १२ आला आणि खोक्यातून चार्जर गायब झाला. कारण दिलं पर्यावरणाचं. सॅमसंगने लगेच आपल्या पानावर चार्जरचा फोटो टाकून टोमणा मारला, आमच्या फोनसोबत हा मिळतो म्हणून. मी ते चित्र मित्राला पाठवलं होतं, सोबत तीन हसरे चेहरे. पुढच्या जानेवारीत सॅमसंगचा नवा फोन आला, खोक्यात चार्जर नाही, आणि तो टोमणाही पानावरून गुपचूप पुसला गेलेला. हेडफोनच्या भोकाचंही हेच झालं होतं. आधी दुसऱ्याने बुजवलं म्हणून जाहिरातीतून खिल्ली, दोन वर्षांनी स्वतःचं बुजवलं. मित्राने तेव्हा मला काहीच पाठवलं नाही. तो तसा सभ्य आहे. पण त्यामुळे माझे तीन हसरे चेहरे आमच्या गप्पांच्या वरच्या बाजूला कुठेतरी अजून तसेच हसत असतील.

घरी आल्यावर मी खणच उपसला. प्रत्येक घरात असा एक खण असतो. उघडायला गेलं की आत वायर अडकते आणि तो निम्म्यावर थांबतो, मग बोटं आत घालून ती वायर खाली दाबायची आणि ओढायचा. आतला वास जुन्या प्लॅस्टिकचा, किंचित गोडसर, आणि ज्या वायरी चिकट झाल्यात त्यांचा स्पर्श बोटांना नको वाटतो. जाड पिनचा चार्जर. बारीक पिनचा चार्जर. पट्टीसारखं चपटं टोक, दोन्ही बाजूंना खटके असलेलं, ज्याचा फोन कधीच गेला. कॅमेऱ्याची तिरक्या तोंडाची केबल. मग मायक्रो यूएसबीच्या दहाबारा. ती मायक्रो यूएसबी रात्री अंधारात लावायची म्हणजे फोनच्या कडेला उंदीर कुरतडल्यासारखा आवाज व्हायचा, आणि ज्याने जोर लावला त्याच्या फोनाचं तोंड कायमचं ढिलं व्हायचं. त्या काळात कुणाकडे गेलं की पहिला प्रश्न असायचा, "बारीक पिन आहे का?" आणि यजमान हातातलं काम टाकून असाच एखादा खण उपसायचे. माझ्याकडे एक असा चार्जर निघाला, की तो कशाचा हे घरातल्या कुणालाच सांगता आलं नाही. टाकवतही नाही. न जाणो, ती वस्तू सापडली तर!

२००९ च्या सुमारास बाजारात चार्जरचे तीसेक प्रकार होते, असं युरोपीय आयोग सांगतो. त्याच वर्षी आयोगाने कंपन्यांना एकत्र बसवून, गोडीगुलाबीने, सगळ्यांनी मायक्रो यूएसबी वापरायचं असा करार घडवून आणला. चौदा कंपन्यांनी सह्या केल्या. ॲपलनेही केली, पण करारात अडॅप्टर देण्याची पळवाट होती. तीन वर्षांनी, २०१२ मध्ये, ॲपलने स्वतःचं लाइटनिंग आणलं, आणि आणताना ही पुढच्या दशकाची जोडणी आहे असं सांगितलं. ते मात्र अक्षरशः खरं ठरलं. तीसाचे तीन झाले आणि तिथेच घोडं अडलं. मग गोडीगुलाबी संपली. ४ ऑक्टोबर २०२२ ला युरोपीय संसदेत मतदान झालं: बाजूने ६०२, विरोधात १३, तटस्थ ८. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकला जाणारा प्रत्येक नवा फोन यूएसबी-सीचा असला पाहिजे. ॲपलचं म्हणणं होतं की यामुळे नव्या कल्पना मारल्या जातील. कायदा लागू व्हायची वाट न बघता सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ आला, त्याला यूएसबी-सी होतं, आणि ते असं सादर झालं की जणू कुणाला सहज सुचलं. एका खंडापुरता वेगळा फोन बनवणं परवडत नाही, म्हणून तेच तोंड सगळ्या जगाला मिळालं.

मित्राकडेही. तो त्या वेळी खूश होता. "आमच्याकडे आता टाइप सी," असा मेसेज आला होता. मी "अभिनंदन" लिहिलं होतं.

तर मग विमानतळावर मी गप्प का बसलो? एक कारण सरळ आहे. ज्याच्या फोनात नऊ टक्के आहेत त्याच्याशी वाद घालू नये, हे मला कळतं. पण दुसरं कारण असं, की त्याचं म्हणणं मनातल्या मनात उलटंपालटं करून बघताना ते मला पुरतं खोडता येईना. समजा २००९ मध्येच करार न करता कायदा केला असता, तर? कायद्यात मायक्रो यूएसबी लिहिलं गेलं असतं. यूएसबी-सी जन्मली २०१४ मध्ये. तिला आत यायला आधी कायदा बदलावा लागला असता, आणि कायदे कुठल्या चालीने बदलतात ते आपण सगळे बघतोच. आताच्या कायद्यात पुढे नवी जोडणी आली तर बदलायची तरतूद ठेवलीय, पण तरतूद असणं आणि ती वेळेवर वापरली जाणं यात अंतर असतं. शिवाय त्याच युरोपच्या नियमांपायी आपण रोज जे भोगतो ते आहेच. कुठलंही पान उघडा, बातमीच्या आधी कुकीची पाटी. ही पाटी वाचून विचारपूर्वक निर्णय घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः खाजगीपणाबद्दल तावातावाने बोलतो आणि त्या पाटीवर जे बटण मोठं आणि रंगीत असेल ते दाबतो. हेतू चांगला, आणि पदरात काय पडलं तर दिवसातून वीस वेळा एक जास्तीची टिचकी.

आणि केबलचा प्रश्न तरी कुठे पुरता सुटला? टोक एकसारखं झालं, आतली तार नाही. बाहेरून सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन केबलींपैकी एक लॅपटॉप चालवते, दुसरी इअरफोनच्या त्या डबीला रात्रभरात कशीबशी भरते. साध्या आयफोन १५ ला नवं तोंड मिळालं, पण त्यातून डेटा जायचा वेग जुन्या लाइटनिंगएवढाच, यूएसबी २ चा. माझी चिकटपट्टीवाली केबलही त्यातलीच आहे. फोन चार्ज करते, फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे म्हटले की कॉम्प्युटरला तिच्या पलीकडे फोन आहे हेच कळत नाही.

हे सगळं घोळवत असताना एक शब्द माझ्या डोक्यात अडकला. मत. आपल्या भाषेत मांडायचं तेही मत आणि पेटीत टाकायचं तेही मत. फोन, ॲप, कंपन्या, त्यांचे मालक, यांच्याबद्दल माझ्याकडे पहिल्या प्रकारची मतं पोत्याने आहेत. दुसऱ्या प्रकारचं एकही नाही. माझ्या फोनात कुठलं ॲप आपोआप आलं, कुठलं बटण कुठे सरकलं, काल रात्री झोपेत कुठलं अपडेट शिरलं, यात मला कुणी विचारलं नव्हतं. आणि ज्या संसदेने माझ्या खणाचं भवितव्य ठरवलं, तिथल्या त्या ६०२ जणांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही, तिथे माझं नाव यादीत असण्याचा प्रश्नच नाही. निर्णय माझ्या सोयीचा झाला म्हणून मला तो लोकशाहीचा विजय वाटला. उद्या त्याच सभागृहाने किंवा दुसऱ्या एखाद्या सरकारने फोनातले खाजगी निरोप वाचायची वाट उघडा असं फर्मावलं, तर मीच उठून म्हणेन, सरकारने यात पडू नये. अगदी याच शब्दांत. मित्र तेव्हा हसेल का, की गप्प बसून प्लग धरेल, मला माहीत नाही.

म्हणजे मी कायद्याच्या बाजूचा आहे असंही नाही. सोयीच्या बाजूचा आहे. हे कबूल करायला जरा जड गेलं.

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत ट्रम्प यांचा शपथविधी झाला, तो थंडीमुळे आत, संसदभवनाच्या घुमटाखाली. तिथलं एक दृश्य सगळ्यांनीच पाहिलं असेल. फेसबुकचे झुकरबर्ग, ॲमेझॉनचे बेझोस, गूगलचे पिचाई, टेस्लाचे मस्क, मागे ॲपलचे कुक. मंत्रिपदासाठी निवडलेल्यांच्याही पुढे बसलेले. याच ट्रम्पना चार वर्षांपूर्वी, जानेवारी २०२१ मध्ये, फेसबुकने बाहेर काढलं होतं. तो शपथविधी मी बिछान्यात पडून पाहिला, फोन छातीवर ठेवून, हनुवटी दुमडून. प्रचंड चीड आली. ज्या माणसांनी आम्हाला तुमच्याकडे-आमच्याकडे खेळायला लावलं, ती शेजारीशेजारी, कोटाला कोट लागेल अशी उभी! त्यांच्यात तुमच्याकडे-आमच्याकडे असं काही दिसलं नाही. मी तिरीमिरीत चार ओळी लिहिल्या, कडक, आणि पाठवल्या. मग लक्षात आलं की व्हिडिओ पिचाईंच्या यूट्यूबवर बघितला होता आणि ओळी झुकरबर्ग यांच्या व्हॉट्सॲपवर टाकल्या होत्या. मित्राचं उत्तर लगेच आलं, आणि पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता. "मलाही नाही आवडलं," एवढंच. पंधरा वर्षांत आमचं एवढं पटकन कधी एकमत झालं नव्हतं. त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण भांडणात निदान आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. त्या रात्री दोघांनाही आपण नुसते ग्राहक आहोत असं वाटलं असावं.

पूर्वी फोन हातातून पडला की त्याचे तीन तुकडे व्हायचे. पाठ एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, फोन तिसरीकडे, आणि बॅटरी हमखास कपाटाखाली. गुडघ्यांवर बसून ती काढायची, पदराला किंवा शर्टाला पुसायची, ते तीन सोनेरी पट्टे जुळवून खाचेत बसवायची, पाठ सरकवली की टक् आवाज, आणि फोन पुन्हा जिवंत. अडकून बसला तरी हाच उपाय. डॉक्टर आपणच. आता पाठ चिकटवलेली असते. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग ते मुद्दाम कमी करत होते, अचानक बंद पडू नयेत म्हणून. मित्र तेव्हाही त्यांच्या बाजूने बोलला होता: "बंद पडण्यापेक्षा हळू चाललेला बरा." यातही तथ्य आहे, असं मला आता वाटतं. फक्त सांगून करायचं होतं. न सांगितल्याबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, कंपनीने माफीही मागितली होती, आणि आता फोनात बॅटरीची तब्येत दाखवणारा एक कोपरा आहे. तो तिथे कुणाच्या मनात आलं म्हणून आलेला नाही. युरोपच्या आणखी एका कायद्याप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, उपकरणाची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. ते तीन तुकडे परत येतील असं नाही. पण मी वाट बघतोय. आणि वाट बघताना पुन्हा तेच, तिथे माझं मत नाही.

विमानतळावर पुढे झालं ते असं. दहा मिनिटांनी मित्राने केबल काढून माझ्या हातात दिली. त्याचा फोन सोळावर गेला होता. मी माझा लावला, अंगठा आता त्याचा. तेवढ्यात पाठीवर सॅक अडकवलेली एक मुलगी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. फोन दाखवत म्हणाली, "टाइप सी आहे का?" तिचा फोन तिसऱ्याच कंपनीचा, माझ्या त्याच्या दोघांच्याही कंपूबाहेरचा, पडद्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेलेला. तीन टक्के. मी माझा काढला, तिला जागा करून दिली. प्लग कसा धरायचा ते मित्राने तिला दाखवलं: दाब, आणि किंचित डावीकडे. तिने नेमका धरला. मग कुणीच फारसं बोललं नाही. पाळी आली की ज्याचा त्याचा फोन पुढे यायचा, खट्ट, आणि पुन्हा तो आडव्या रेघेचा फलक. एकदा मुलीने आम्हाला विचारलं, "तुम्ही मघाशी भांडत होता का?" मित्र म्हणाला, "नाही, नाही, राजकारण." मुलगी "अच्छा" म्हणून पुन्हा पडद्याकडे बघत राहिली, जसं पाऊस पडतोय म्हटल्यावर बघावं तसं.

तिच्यासमोर ते वाक्य काढणं मला आणखीच अवघड झालं. मित्राला चीत करून दाखवायचं ते कुणासमोर? जिच्या तीन टक्क्यांना आमच्या पंधरा वर्षांच्या भांडणाशी घेणंदेणं नव्हतं, तिच्यासमोर? ही मुलगी असा खण कधी उपसणारच नाही कदाचित. बारीक पिन हा शब्द तिला सांगितला असता तर ती नम्रपणे हसली असती.

रेघेच्या जागी वेळ आली तेव्हा माझ्या फोनात एकतीस होते, त्याच्यात अठ्ठावीस. घाईघाईत सगळे उठलो, रांगेत वेगवेगळे झालो, जागाही लांब लांब मिळाल्या. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी हात हलवून निरोप घेतला.

घरी पोचून खण उपसत होतो तेव्हा त्याचा मेसेज आला. "तुझी केबल माझ्या बॅगेत आली रे. चुकून."

पूर्वी ही चूक होऊच शकली नसती. माझी केबल त्याला म्हणजे नुसती वायर, तो ती उचलूनच बघता ना. मी लिहिलं, "राहू दे, माझ्याकडे आहेत." ते खरं होतं, खण अजून अर्धा उघडाच होता. दोन मिनिटं दुसरीकडून टाइप करतोय, टाइप करतोय असं दिसत राहिलं. मला वाटलं, आता तो काढतोय तो विषय, कदाचित त्यालाही खुपत असेल.

"पण फारच हळू चार्ज करते ही," त्याचं उत्तर आलं. "तुमच्याकडची ना?"